रात्रपाळीचं पान

माझ्या दारावर आता पितळी पाटी आहे. तिच्यावर माझ्या नावाखाली ‘ज्योतिष विशारद’ असं कोरलंय. पाटी लावली त्या दिवशी नवरा म्हणाला, बरं झालं, आता तरी लोक शिकवणीची चौकशी करायला बेल वाजवणार नाहीत. मी चिडले नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला राग पटकन येतो. माझ्या पत्रिकेतला मंगळ बघून माझे गुरुजी पहिल्याच दिवशी हसले होते.

पण लोकांच्या पत्रिकांत मी पाटीच्या कितीतरी आधीपासून हात घालून बसले होते. तेव्हा मला नक्षत्रं सत्तावीस असतात हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

माझं माहेर रत्नागिरीकडचं, सासरही तिकडचंच. नवरा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होता. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही मिरा रोडला सिल्व्हर पार्कात जागा घेतली आणि मी भाईंदरच्या एका प्रसूतिगृहात काउंटरवर नोकरीला लागले. नावं लिहून घेणं, कागद लावणं, वाट बघणाऱ्या सासवांना गप्प बसवणं आणि रोज सकाळी चिठ्ठ्या लिहिणं, हे माझं काम. चिठ्ठी म्हणजे तळहाताएवढा कागद. आईचं नाव, मुलगा की मुलगी, वजन, जन्मतारीख आणि वेळ. महापालिकेचा दाखला सावकाश यायचा, पण बारशाला नावाचं अक्षर काढायला भटजींना वेळ लगेच लागायची. त्यामुळे पेढे आणायच्या आधी लोक चिठ्ठी मागायला यायचे. वेळ कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून मी तिच्याभोवती पेनानं एक चौकट काढायची. ती सवय अजून गेलेली नाही.

ती वेळ कशी लिहिली जाते हे मी रोज बघत होते. लेबर रूमचं घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं. सिस्टर आधी नाळ कापायची, बाळाला पुसायची, रडवायची, आईला धीर द्यायची आणि मग भिंतीकडे मान वर करायची. एकाच वेळी दोघी अडल्या तर एकीची वेळ आयाबाई अंदाजानं सांगायची. यात कुणाचा दोष नव्हता. त्या क्षणी माणूस बाळाकडे बघेल की काट्याकडे? म्हणून वीस-पंचवीस वर्षांचे घोडे घेऊन आया पुन्हा काउंटरवर यायच्या आणि म्हणायच्या, ‘ताई, नक्की वेळ सांगा, लग्न अडलंय,’ तेव्हा मला हसू यायचं. काय असतं या मिनिटांत एवढं, ते एकदा बघूनच घेऊ, असं मनात यायला लागलं.

भाईंदरजवळच्या मोरवा गावात एक निवृत्त गणिताचे मास्तर रविवारी ज्योतिष शिकवायचे. फी घ्यायचे नाहीत, पण उशीर झाला तर दार उघडायचे नाहीत. मी पहिल्यांदा गेले ती त्यांची फजिती करायला. घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं तर तुमचं शास्त्र काय करतं, असं मी विचारलं. त्यांनी शांतपणे पंचांग पुढे सरकवलं आणि म्हणाले, तूच काढ, पाच मिनिटांनी काय बदलतं ते. मला ते काढता येईना. ते यायला दोन वर्षं गेली आणि मग मी तिथे अकरा वर्षं टिकले.

शिकवणं मास्तरकीचंच होतं. गणित हातानं. लग्नरास काढायची, चंद्राचे अंश काढायचे, ताळा करायचा. चुकलं तर पहिल्यापासून. वर्गात एक औषधाच्या दुकानाचा मालक होता, तो म्हणायचा, इतका अभ्यास कॉलेजात केला असता तर आज मी डॉक्टर असतो. गुरुजी भविष्य फार कमी सांगायचे. आलेल्या माणसाकडून मात्र पुष्कळ काढून घ्यायचे. त्यांचा एक नियम होता. कागद शेवटी बघायचा, आधी आईला विचारायचं. त्या दिवशी घरात काय चाललं होतं, सण होता का, कोण आलं होतं, भरती होती की ओहोटी. बाईला तारीख आठवत नाही, पण आपल्याला कळा सुरू झाल्या तेव्हा चुलीवर काय होतं ते ती मरेपर्यंत विसरत नाही, असं ते म्हणायचे. मग तिनं सांगितलेलं आणि कागदावरचं जुळतंय का, ते पंचांगात ताडून बघायचं. जुळलं नाही तर कागद बाजूला ठेवायचा.

मला हा नियम म्हाताऱ्या माणसाची भोचक सवय वाटायची. परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले, तेव्हा तर जास्तच.

एका रविवारी त्यांनी वाराचा धडा घेतला. आपला दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, आणि घड्याळाची तारीख मध्यरात्री बदलते. त्यामुळे मध्यरात्रीनंतर जन्मलेल्या बाळाचा घोळ फार होतो, असं ते सांगत होते. बाकीचे लिहून घेत होते. माझं पेन तिथेच थांबलं.

कारण मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या प्रसूतिगृहात एक पद्धत होती. रजिस्टरमध्ये रात्रपाळीचं पान वेगळं असायचं. संध्याकाळी आठ ते सकाळी आठ, सगळं एकाच पानावर, आणि वरती एकच तारीख, पाळी सुरू झाली त्या दिवसाची. सिस्टर त्याखाली फक्त वेळ लिहायची. मी सकाळी येऊन पानावरची तारीख आणि पुढची वेळ जशीच्या तशी चिठ्ठीवर उतरवायची. महापालिकेचा फॉर्मही त्यावरूनच भरायची. म्हणजे रात्री दीड वाजता झालेल्या बाळाला मी आदल्या दिवशीची तारीख देत होते. असं जूनपासून दिवाळीपर्यंत चाललं. मग एकदा मोठ्या सिस्टरनं माझी चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, ‘अगं बाई, पान बदललं नाही तरी बारा वाजले की तारीख बदलते.’ मी घाबरून विचारलं, आधीच्यांचं काय करायचं? ती म्हणाली, फॉर्म गेलेत, चिठ्ठ्या गेल्यात, आता कशाला उकरतेस. मलाही ते पटलं. एका दिवसानं काय बिघडतं?

एका दिवसात चंद्र एक नक्षत्र ओलांडून जातो, हे मला गुरुजींच्या त्या रविवारी कळलं. अशी सात-आठ बाळं असतील. मी गुरुजींना काही सांगितलं नाही. कुठली मुलं, कुठे गेली असतील, मी मनाशी म्हटलं. आणि वहीत पुढचा धडा लिहून घेतला.

पुढे ते प्रसूतिगृह बंद पडलं. इमारत पाडून तिथे टॉवर झाला, रजिस्टरं रद्दीत गेली. गुरुजीही गेले. मी बाहेरच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि कॉम्प्युटर मांडून बसायला लागले. आमच्याकडे सगळ्या प्रकारची माणसं येतात. कुणी दारातूनच विचारतं, ‘आंटी, मंगल है क्या, बस इतना बता दो.’ गुजराती दुकानदारांना शटर कधी उघडायचं ते हवं असतं. कोकणातल्या बायकांना मुलगा कधी सुधारेल ते. सुरुवातीला पत्रिकेत दिसेल ते सगळं मी फाडफाड बोलून टाकायचे. एकदा एक बाई रडत उठून गेली, तेव्हा नवऱ्यानं आतून येऊन पाण्याचा रिकामा ग्लास उचलला आणि म्हणाला, तू सांगतेस की झाडतेस? त्यानंतर जरा सुधारले. पण घाई गेली नाही. कॉम्प्युटरवर तारीख-वेळ टाकली की दहा सेकंदांत पत्रिका निघते. मग आईला चुलीवर काय होतं ते कोण विचारत बसणार?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या विंगमधल्या वहिनी मुलाच्या लग्नाचं घेऊन आल्या. आमची ओळख जुनी, त्यांच्या घरातलं पान माझ्याशिवाय हलत नव्हतं म्हटलं तरी चालेल. मुलगा विमा कंपनीत होता. मुलगी जवळच्या राई गावची, मिरा रोडला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. दोघांचं आपसात ठरलं होतं. वहिनींची हरकत नव्हती, फक्त पत्रिका जुळली पाहिजे एवढीच अट होती. मुलीची तारीख, वेळ, गाव त्यांच्या मोबाइलवर आलं होतं. मी ते टाकलं आणि कागद छापून बाहेर आला. धनु रास, मूळ नक्षत्र, पहिला चरण. मुलगा शततारकेचा, म्हणजे नाडी दोघांची एकच, आद्य.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एकनाड असली की लोक लग्न करत नाहीत. आणि मूळावरची मुलगी सासऱ्याला वाईट, अशी समजूत आहे. गुरुजी ती मानत नसत. मीसुद्धा मानत नाही म्हणते. पण वहिनींच्या यजमानांची आदल्या वर्षी बायपास झाली होती, हे मला माहीत होतं. मी कागदावर वेळेभोवती चौकट काढली आणि एका दमात सांगून टाकलं, मूळ आहे, एकनाड आहे, माझं विचाराल तर थांबा. वहिनींनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यांचा चेहरा पडला होता. मला वाटलं, कटू असलं तरी खरं बोललो आपण.

दहा दिवसांनी मुलीची आई आली. एकटीच, राईहून दोन बस बदलून. अंगानं काटक, केसात अबोलीचा गजरा. भांडायला आली असेल असं समजून मी कंबर कसून बसले. पण ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, ‘ताई, एकडाव परत बगा. तुमी चुकलाव आसं म्हनत न्हाय मी. पन पोर धड जेवत न्हाय.’ याआधी तीन ठिकाणी मूळावरून मोडलं होतं. त्या तिन्ही वेळा मुलगी हसण्यावारी न्यायची. यावेळी मुलगा तिनं स्वतः पसंत केलेला होता. नकार आल्यापासून ती आईशी बोलतही नव्हती.

आणि मग तिनं ब्लाउजमधून पाकीट काढलं, पाकिटातून प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीतून तळहाताएवढा कागद. मूळ कागद बघितला तर काही वेगळं निघेल, असं तिला वाटत होतं.

कागद पिवळा पडला होता. वेळ होती रात्री एक चाळीस. तिच्याभोवती चौकट होती.

अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. मी तारीख बघितली. भाद्रपदातली होती, म्हणजे जून ते दिवाळीच्या मधली. नोकरीचं ते पहिलंच वर्ष. कितीतरी वर्षांनी मी गुरुजींचा नियम पाळला. बाईला विचारलं, त्या दिवशी घरात काय होतं?

ती लगेच म्हणाली, ‘गौरी गेल्या त्याच रातीला झाली ती.’ विसर्जनाला ती खाडीवर गेली होती. सगळ्यांनी नको म्हटलं तरी गेली, कारण नवसाची गौर होती. तिथेच कळा सुरू झाल्या. दिराच्या रिक्षातून आणलं तेव्हा दवाखान्यातल्या घड्याळात दहा वाजायला आले होते.

गौरी जातात त्या मूळ नक्षत्रावर. हे कोकणातल्या पोरीलाही ठाऊक असतं. चिठ्ठीवर तारीख विसर्जनाची होती, आणि वेळ रात्री एक चाळीस. चिठ्ठी खरी धरली तर मुलगी विसर्जनाच्या आदल्या रात्री झाली. पण आई तर विसर्जन करून आली होती, म्हणजे एक चाळीस ही पुढच्या तारखेची. मी पंचांग काढलं. त्या रात्री मूळ सव्वाबाराला संपलं होतं. मुलगी झाली तेव्हा पूर्वाषाढा लागून जवळजवळ दीड तास झाला होता. मूळ नाही. नाडीही मध्य. एकनाड नाही.

मी बाईला म्हटलं, चिठ्ठी दोन दिवस माझ्याकडे राहू द्या. तिनं विचारलंसुद्धा नाही का म्हणून.

त्या दोन दिवसांत मी फार वाईट वागले. भाजी करपवली आणि नवऱ्यावर ओरडले. शेवटी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, यात काय, वहिनींना सांग, वेळ सीमेवरची आहे, दुसऱ्या पंचांगानं पूर्वाषाढा येतं, विषय संपला. सुचवलं होतं ते वाईट नव्हतं. कुणाचं नुकसान नव्हतं, मुलीचं लग्न होणार होतं, माझी पाटीही शाबूत राहणार होती. मी रात्रभर त्यावर विचार केला असं नाही. मला ते लगेच पटलं होतं, हे मला कबूल करायला हवं.

पण वहिनींना मी ओळखत होते. तारखा फिरवून पत्रिका जुळवून देणारे ज्योतिषी आमच्या भागात आहेत, हे त्यांनाही माहीत होतं. मी एकदा त्यांच्यासमोरच अशा एकाला शिव्या घातल्या होत्या. आता मुलीची आई येऊन गेल्यावर माझं पंचांग बदललं, तर त्या काय समजतील? मुलीकडच्यांनी आपल्याला पटवलं, असंच. मग लग्न झालं तरी आयुष्यभर त्या पोरीच्या डोक्यावर ते मूळ राहिलं असतं, आणि सासऱ्याला साधी शिंक आली तरी सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं असतं. तारीख चुकली हे खरं वाटायला ती कुणी चुकवली हे सांगावं लागणार होतं. दुसरा पुरावाच उरला नव्हता. रजिस्टर रद्दीत गेलं होतं, मोठी सिस्टर गावी गेली होती. पुरावा म्हणजे मीच.

मी दोघींना एकाच वेळी बोलावलं. चहा केला, तो कुणी घेतला नाही. मी रात्रपाळीच्या पानापासून सुरुवात केली आणि ‘एका दिवसानं काय बिघडतं’ इथपर्यंत सगळं सांगितलं. बोलताना मला स्वतःची लाज वाटत होती आणि लाज वाटते म्हणून रागही येत होता, त्यामुळे आवाज चढत होता. वहिनी ऐकून घेत होत्या.

‘बारा दिवसांपूर्वी मूळ, आज पूर्वाषाढा,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं.’

मी म्हटलं, ‘मी दिलेला कागद तुमच्या पर्समध्ये असेल, तो काढा.’

त्यांनी काढला. मी तो चिठ्ठीशेजारी ठेवला. दोन्हींवर वेळ होती, दोन्ही वेळांभोवती चौकट होती, आणि चौकटीची रेघ दोन्हीकडे उजव्या कोपऱ्यात जरा बाहेर गेलेली होती. वहिनींनी चष्मा काढून बघितलं, परत घातला. मग म्हणाल्या, ‘म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला ठाऊक होतं.’

मी हो म्हटलं.

त्या उठल्या. दोन्ही कागदांचे मोबाइलवर फोटो काढले आणि गेल्या. त्या परत माझ्याकडे पत्रिका घेऊन आल्या नाहीत. त्यांनी सोसायटीत हे सांगितलं, आणि मला त्याचा राग आला नाही, कारण त्यांच्या जागी मी तर जिन्यात उभं राहून सांगितलं असतं. त्या वर्षी माझ्याकडे येणारे बरेच जण येईनासे झाले. आता येतात त्यांना मी आधी घरातला सण विचारते. पुष्कळांना ते कंटाळवाणं वाटतं. बाकीची सहा-सात मुलं कुठे आहेत ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी जून ते दिवाळीत भाईंदरला जन्मलेल्या कुणाची पत्रिका आली की मी कॉम्प्युटर बंद करते आणि आईला बोलावून घेते.

वहिनींनी नवी तारीख बोरिवलीच्या एका ज्योतिषाला दाखवली. त्यानं जुळतंय म्हणून सांगितलं. मुलानं तोवर घरात स्पष्ट केलं होतं, की जुळलं नाही तरी तो हेच लग्न करणार. पंधरा दिवसांनी सुपारी फुटली. हे मला मुलीच्या आईनं फोनवर कळवलं. आणि म्हणाली, एकदा राईला घरी या. यांना तुम्हीच सांगा. माझं ते ऐकून घेत नाहीत, बायकांचं काहीतरी म्हणून उठून जातात.

मी रविवारी गेले. ती बस स्टॉपवर घ्यायला आली होती. त्यांच्या भाताच्या शेतात आता सात मजली इमारत आहे, तिच्या मागून वाट जाते. चालता चालता तिनं जे सांगितलं ते मला शिकताना पुस्तकात वाचून माहीत होतं, पण कधी माणसाशी जोडून बघितलं नव्हतं. मूळाच्या पहिल्या चरणावरचं मूल बापाला घातक मानतात. सत्ताविसाव्या दिवशी चंद्र परत मूळावर येतो, तेव्हा शांत करायची, आणि तोवर बापानं मुलाचं तोंड बघायचं नाही. माझी चिठ्ठी बघून गावच्या भटजींनी तसंच सांगितलं होतं. बाप सत्तावीस दिवस मिठागरावरच्या झोपडीत राहिला. जेवणाचा डबा दीर नेऊन द्यायचा. शांत झाल्यावर आधी वाटीतल्या तुपात मुलीचं तोंड बघितलं आणि मग तिला मांडीवर घेतलं. हे सांगताना बाईच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांच्याकडे पद्धतच आहे, असं म्हणाली.

तो पडवीत प्लॅस्टिकच्या पट्टीनं एक खुर्ची विणत बसला होता. साठीचा, बोलायला कमी. मुलगी पाणी देऊन आत गेली, आतून मिक्सरचा आवाज येत राहिला. मी त्याला सगळं परत सांगितलं. पान, तारीख, सव्वाबारा, पूर्वाषाढा. आणि माफी मागितली. त्यानं पट्टीचं टोक दातात धरलं होतं, ते काढलं.

‘म्हंजे मूळ नव्हताच?’

‘नव्हतं, दादा.’

त्यानं आतल्या दाराकडे बघितलं, बायको स्वयंपाकघरात गेली होती. मग आवाज उतरवून म्हणाला, ‘मी बगितली व्हती तिला. तिसऱ्याच दिवशी. मागच्या खिडकीतून, आयाबाईला सांगून.’

त्याला राहवलं नव्हतं. मिठागरावरून सायकल मारत भाईंदरला आला, आयाबाईनं खिडकीशी पोर धरली, त्यानं बघितली आणि तसाच परत गेला. घरी कुणाला बोलला नाही. त्यानंतर चार महिन्यांनी त्याचे वडील गेले, आणि त्याला वाटलं, आपण बघितलं म्हणून. मुलीचं पहिलं स्थळ मोडलं तेव्हा तेच वाटलं. दुसरं, तिसरं मोडलं तेव्हाही तेच. आता चौथं मोडत होतं, तेव्हा तो बायकोला सगळं सांगून टाकणार होता. इतकी वर्षं तिच्यासमोर जेवायला बसताना ते एकच मनात यायचं, असं म्हणाला.

मी म्हटलं, तुम्ही बघितलंत त्यात काहीच वावगं नव्हतं. मूळ असतं तरी मी हेच सांगितलं असतं, पण मूळ नव्हतंच.

तो खुर्चीच्या विणीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘बाय, मना ठावं आसतं तर मी रोज आलो आसतो.’